गणिताचं पालकपत्र: साचा एकदा बनवा, वर्षभर बदलून वापरा

'गणितात सराव हवा.' या एका ओळीतून पालकाला काहीच हाती लागत नाही. सराव कशाचा, किती वेळ, चूक कुठे होते, हे शिक्षकाला वह्या तपासताना ठाऊक झालेलं असतं, पण ४० मुलांसाठी ४० पत्रं लिहायला वेळ कुठून आणायचा? त्यासाठी बदलता येणारा साचा हवा. साचा चांगला असेल तर दर मुलामागे फक्त तीन-चार रकाने भरावे लागतात आणि तरीही पत्र त्याच मुलाचं वाटतं.

पत्रात चार गोष्टी पुरतात: सध्या चालू असलेला घटक, मुलाला काय जमतं, कुठे अडतं आणि घरी काय करायचं. 'कुठे अडतं' मध्ये मुलाच्या वहीतलंच एक उदाहरण, त्याच्या चुकीच्या उत्तरासकट द्या. पालकाला सगळ्यात जास्त उपयोग याच ओळीचा होतो. घरचा सराव १० मिनिटांत होईल एवढाच ठेवा आणि उदाहरणांची संख्या लिहा. 'रोज थोडा सराव' असं लिहिलं की तो होत नाही.

एक नमुना:

'माननीय पालक, नमस्कार. वर्गात सध्या भागाकार चालू आहे. «नाव»ला भागाकाराची रीत माहीत आहे. मधलं शून्य मात्र लिहायचं राहतं: ६१२ ÷ ६ चं उत्तर १२ आलं आहे. बरोबर उत्तर १०२. आठवडाभर रोज अशी ३ उदाहरणं द्यावीत आणि प्रत्येक उत्तराला भाजकाने गुणून पडताळा घ्यायला सांगावं. १२ × ६ = ७२ हे दिसलं की चूक आपोआप कळते.'

यातली «नाव» ही बदलायची जागा. अशा सगळ्या जागा एकाच प्रकारच्या खुणेत ठेवा. पाठवण्यापूर्वी फाइलमध्ये ती खूण शोधली की भरायची राहिलेली जागा लगेच सापडते. वर्डच्या मेल मर्जमधली (मुलांच्या तक्त्यातली माहिती साच्यात भरून प्रत्येकाचं वेगळं पत्र बनवणाऱ्या सोयीतली) खूण मात्र नुसती टाइप करून चालत नाही, ती मेनूमधूनच घालावी लागते.

आता मराठीतली खरी अडचण. '«नाव» बेरीज छान करतो' असं साच्यात लिहिलं की निम्म्या पत्रांत ते चुकतं. 'करतो/करते' असा तिरका दांडा घातला की पत्र छापील फॉर्मसारखं होतं. त्यापेक्षा क्रियापद मुलाच्या लिंगाप्रमाणे बदलणारच नाही अशी वाक्यरचना घ्या. '«नाव»ला बेरीज छान जमते.' '«नाव»ने १० पैकी ७ उदाहरणं बरोबर सोडवली.' '«नाव»कडून चिन्हाची चूक होते.' तिन्ही वाक्यं मुलगा असो वा मुलगी, जशीच्या तशी चालतात. 'त्याला', 'तिला' टाळून नावच पुन्हा घ्या. प्रत्यय खुणेला चिकटून लिहा, मध्ये जागा सोडू नका. आणि तक्त्यात पूर्ण नावाशेजारी फक्त पहिल्या नावाचा वेगळा रकाना ठेवा, नाहीतर 'ला' आडनावाला जाऊन लागतो.

दुसरी तयारी म्हणजे चुकांचा साठा. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक नेहमीच्या चुकीला छोटा कोड द्या आणि पुढे तीन रकाने करा: चूक कशी दिसते, ती का होते, घरी काय करायचं. सुरुवातीला १५ ते २० चुका पुरतात. काही अशा:

अ१: १/२ + १/३ = २/५. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला जातो. घरी कागदाची पट्टी दुमडून अर्धा भाग रंगवायला सांगा. २/५ हे अर्ध्याहूनही कमी आहे, मग बेरीज कशी असेल?

द१: ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं. ३५ आणि ४ अशी पूर्ण संख्यांसारखी तुलना होते. ०.४ च्या जागी ०.४० लिहून तुलना करायला सांगा.

व१: ५२ − २७ = ३५. एककात २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ वजा केले जातात. २७ पासून पुढे मोजत जा: ३ मिळवून ३०, २० मिळवून ५०, २ मिळवून ५२. एकूण २५.

शेवटच्या उदाहरणात एक ओळ आवर्जून घाला: 'ही रीत तुमच्या वेळेपेक्षा वेगळी वाटेल, आधी मुलालाच समजावून सांगू द्या.' पालकांनी त्याच बैठकीत हातच्याची दुसरी रीत शिकवली तर मुलाच्या डोक्यात दोन्ही रीतींची सरमिसळ होते.

मुलांच्या तक्त्यात प्रत्येकासमोर फक्त कोड टाकायचा, पुढचा मजकूर चुकांच्या साठ्यातून व्हीलूकअप सूत्राने येतो. सूत्राचा शेवटचा भाग 'फॉल्स' ठेवायला विसरू नका. तो वगळला तर सूत्र जवळपासचा कोड धरून भलतीच चूक उचलतं आणि तसं सांगतही नाही.

स्प्रेडशीट आणखी चार ठिकाणी फसवते. ३/४ टाइप केलं की त्याची तारीख होते, म्हणून तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. ८५% हा आकडा मेल मर्जमधून पत्रात ०.८५ होऊन येऊ शकतो आणि तारखेत दिवस-महिन्याची अदलाबदल होऊ शकते. दोन्ही मजकूर म्हणून लिहिले की प्रश्न मिटतो. देवनागरी अंक बेरजेत धरले जातीलच असं नाही, म्हणून ज्यांवर हिशेब करायचा ते गुण इंग्रजी अंकांत ठेवा. पत्रातले अंक मात्र मुलाच्या वहीत असतात तेच हवेत.

सगळ्यात गंभीर चूक क्रम लावताना होते. एकच रकाना निवडून क्रम लावला की नावं हलतात आणि गुण जागेवरच राहतात. मग एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या घरी जातात. नेहमी पूर्ण तक्ता निवडून क्रम लावा आणि पाठवण्यापूर्वी कुठलीही ५ पत्रं मूळ वहीशी ताडून बघा. सर्वांत लांब नावाचं पत्रही उघडून पाहा, मजकूर पुढच्या पानावर सांडतो तो तिथेच.

गणिती मांडणीबद्दल थोडं. उभी वजाबाकी स्पेस देऊन रचू नका, फॉन्ट बदलला की रकाने सरकतात. बिनरेषांचं टेबल घ्या, एका खान्यात एक अंक, वर हातच्यासाठी छोट्या अक्षरांची ओळ. वर्डमध्ये अपूर्णांकासाठी ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबलं की समीकरणाची चौकट उघडते. साध्या मेसेजमध्ये दीड लिहिताना १ आणि १/२ शेजारी ठेवले तर ते ११/२ वाचले जातात. '१ पूर्णांक १/२' लिहा. ऋण संख्येसाठी साधा हायफन वापरला तर ओळीच्या शेवटी चिन्ह एका ओळीत आणि अंक दुसऱ्या ओळीत जाऊ शकतो, म्हणून खरं वजाचिन्ह घ्या.

फॉन्ट युनिकोडच हवा, उदाहरणार्थ नोटो सान्स देवनागरी किंवा मंगल. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं पत्र दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की अगम्य चिन्हं दिसतात. पालक पत्र फोनवर वाचणार असतील तर ए४ ऐवजी ए५ पान घ्या आणि अक्षर १४ पॉइंटच्या खाली नेऊ नका.

मूळ साचा टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा, म्हणजे उघडल्यावर दर वेळी नवी प्रत मिळते. गूगल डॉक्समधला साचा सहकाऱ्यांना देताना फक्त पाहण्याची परवानगी ठेवा आणि लिंकच्या शेवटी असलेल्या 'एडिट' या इंग्रजी शब्दापासून पुढचं सगळं काढून तिथे इंग्रजीतच 'कॉपी' (copy) लिहा. उघडणाऱ्याला थेट स्वतःची प्रत करायला मिळते, मूळ साच्याला धक्का लागत नाही. पालकांना मात्र पीडीएफच द्या. प्रत्येक मुलाची फाइल वेगळी, आणि ती वर्गाच्या ग्रुपवर कधीच टाकू नका.

खाली उत्तराची पट्टी ठेवा. सहीबरोबर खुणेचे तीन पर्याय द्या: 'सराव झाला', 'सराव झाला पण अडलं', 'भेटायचं आहे'. शेजारी एक रिकामी ओळ: 'कुठल्या उदाहरणाला अडलं?' परत आलेल्या पट्ट्यांत तेच उदाहरण पाच-सहा घरांतून आलं तर तो घटक वर्गात पुन्हा घ्या आणि त्या कोडसमोरचं 'घरी काय करायचं' त्याच दिवशी सुधारा.