अंगणवाडीसाठी गावात गट बांधताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

अंगणवाडी सेविका, आशाताई, नर्सबाई, गुरुजी, बचत गट, ग्रामपंचायत, सगळे मिळून गावातल्या सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी काहीतरी करू हे ठरवणं लई सोपं आहे, एका चहात ठरते. आमचंही इकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या पट्ट्यात तसंच ठरलं. व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला, त्याच्यावर रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं येऊन राहिली, आणि सहा महिन्यांनी बघतो तर एकाही लेकराच्या बाबतीत काहीच हललं नव्हतं. कुठं कुठं चुकलो ते लिहितो, आठवेल तसं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे याद्या जुळवल्याच नाही. सेविकेकडे तिचं रजिस्टर आणि २०२१ पासून मोबाईलमधलं पोषण ट्रॅकर, आशाताईकडे तिची वही, नर्सबाईकडे लसीकरणाचं वेगळंच. आम्हाला वाटायचं गाव एकच आहे तर लेकरं पण तीच असतील. मग एका दुपारी अंगणवाडीतल्या चटईवर तिन्ही रजिस्टरं उघडून बसलो तर काय, सेविकेकडे आरुष, आशाताईच्या वहीत नुसतं आईचं नाव आणि पुढे ‘बाळ’, आणि गावात त्याला सगळे गोलू म्हणतात. नर्सबाई दोन महिन्यांपासून त्या आरुषला शोधून राहिली होती, आणि गोलू रोज तिच्यासमोरून जात होता.

हे तरी हसण्यावारी गेलं. पण त्याच दिवशी एक मुलगी अशी सापडली की जिचं नाव तिघींकडेही नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, नोंद तिकडची, आई चौथ्या महिन्यात सासरी आली. माहेरची आशा म्हणते ती गेली, इकडची म्हणते माझ्याकडे आलीच नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशानं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असते, पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. या मुलीच्या भेटी दोन गावांच्या मधात कुठंतरी पडून गेल्या. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची पद्धत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं उभी केली, १९९९ मध्ये तिचे निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, पुढे ती देशभरातल्या आशांच्या कामात गेली, आणि आपण मात्र बाळ कोणत्या गावचं इथंच अडकलो.

याच्यावर उपाय साधा आहे. लसीकरणाच्या आदल्या दिवशी तिघींनी एकत्र बसायचं, वस्तीच्या एका टोकापासून घर घेत यायचं आणि लेकराचं नाव नाही तर आईचं नाव धरायचं. नवीन कोण आलं, कोण गेलं, कोणती गरोदर बाई माहेरी चालली. चालली असेल तर तिकडच्या आशाला त्याच वेळी फोन लावायचा, ‘उद्या सांगतो’ म्हणायचं नाही. गावाबाहेरचा बेडा, तांडा आणि वीटभट्टी शेवटी घेऊ म्हटलं की राहूनच जाते, म्हणून आम्ही आता तिथूनच सुरुवात करतो.

दुसरी चूक आमच्या हौसेची. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत बॅनर लावला, ‘कुपोषणमुक्त गाव’. टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात आकडे आले तर सगळी लेकरं हिरव्यात, म्हणजे वजन ठीक, लाल म्हणजे अति कुपोषित एकही नाही! ज्याच्या बरगड्या दुरून मोजता येतात ते पोरगं पण हिरव्यात. सेविकेला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणे, "लाल दाखवलं का वरून फोन येते, गावातले लोक बोलतात ते वेगळंच, मी काहून दाखवू?" तिचं काय चुकलं, सांगा. शून्याचं टार्गेट दिलं की कागदावर शून्य येतेच. आता आम्ही किती लेकरं कुपोषित हा प्रश्नच विचारत नाही, मागच्या महिन्यात कमजोर निघालेल्या चार लेकरांचं पुढे काय झालं एवढंच विचारतो.

मोजायचं मात्र नीट. झोळी अडकवल्यावर काटा शून्यावर आहे का ते बघा, नाहीतर झोळीचं वजन लेकराच्या अंगावर चढते. डाळीचं सीलबंद किलोभराचं पाकीट टाकून काटा एकदा तपासून घ्या. दंडाची पट्टी डाव्या दंडाच्या मधोमध, सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराला. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा. आवळून मोजली की हिरवं पोरगं लाल होते, सैल धरली की उलटं.

आणि लाल निघालं तर? लेकरू आजारी असेल नाहीतर जेवतच नसेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं लागते, आणि तिथं आईला दोन आठवडे सोबत राहावं लागते. इथंच सगळं फसते. वेचणीच्या दिवसात कोणती बाई पंधरा दिवसांची मजुरी सोडेल, घरच्या दुसऱ्या पोट्ट्यांना कोण बघेल, बकऱ्या कोण सोडेल? सेविका समजावून समजावून थकते आणि मग आपणच म्हणतो, पालक ऐकत नाही. गट खरा कामाचा असेल तर तो इथं दिसला पाहिजे. एका घरी बचत गटातल्या दोघींनी बकऱ्या आणि मोठी पोरगी सांभाळली, सासूला गुरुजींनी समजावलं, तेव्हा ती आई गेली. आमच्या सगळ्या बैठकांमधलं सगळ्यात मोठं काम कोणतं विचाराल तर मी बकऱ्याच सांगीन.

पैशाचं थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीनं तिच्या उत्पन्नातले १० टक्के महिला बालकल्याणावर खर्च करायचे असतात, पण आराखड्यात नाव नसेल तर सचिव हात वर करतो. म्हणून आराखडा बनायच्या आधी, महिला सभेत, लेखी मागा. आणि आधी पाणी, संडास, गळणारं छप्पर. आमच्या बाजूच्या एका गावात भिंतीवर मस्त जिराफ काढला आणि लेकरांना हात धुवायला नळ नाही. फोटोत नळ दिसत नाही ना बाप्पा!

कॉन्व्हेंटशी भांडू नका. तीन-चार वर्षांचं पोरगं टाय लावून व्हॅननं कॉन्व्हेंटला जाते म्हणून ते आपलं नाही, असं धरून चाललो आणि अशा कितीतरी लेकरांची वजनं राहून गेली. कॉन्व्हेंटवाल्या मॅडमलाच गटात घ्या.

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार, बैठकीला बाया येतच नाही. आम्ही पण हेच म्हणायचो आणि बैठक ठेवायचो अकरा वाजता, ऑफिसवाल्यांच्या सोयीनं. वेचणीचा पैसा किलोवर मिळते, अकरा वाजता बाई वावरात असते, तुमच्या बैठकीत बसली तर तिचा तो दिवस गेला. धानपट्ट्यात रोवणीच्या वेळी आणि जंगलपट्ट्यात मोहाच्या वेळी तेच. मग आम्ही दिवस मावळताना जिथं कापूस मोजला जातो तिथंच गेलो. बाया गाठोडी घेऊन रांगेत, लेकरं गाठोड्यांवर लोळून राहिलेली. काटा आवरला तशी सेविकेनं दंडाची पट्टी काढली, तर एक म्हातारी म्हणे, "कापूस मोजून झाला, आता पोट्टे मोजता का जी?"

मोजले. अकरा होते. त्यातलं एक अजूनही कोणाच्याच यादीत नव्हतं.