नागपूरच्या हवामानात दोन-चार दुभत्या जनावरांचा गोठा कसा उभारावा आणि सांभाळावा

काटोल, सावनेर किंवा उमरेडच्या बाजूला शेतीला जोड म्हणून दुभती जनावरे पाळायची असतील, तर हिशेब मे महिन्यापासून मांडावा. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, विहिरीचे पाणी तळाला लागले असताना आणि बांधावर हिरवे पानही नसताना जितकी जनावरे पोटभर खाऊ शकतील, तितकीच पाळावीत. म्हणून येथे जनावराची खरेदी तिसऱ्या पायरीवर ठेवली आहे.

पहिली पायरी: चारा आणि पाणी

सुमारे ४०० किलो वजनाच्या गाईला रोज १५ ते २० किलो हिरवा आणि ४ ते ५ किलो कोरडा चारा लागतो. हिरवा चारा उन्हाळ्यात कमी पडणार हे गृहीत धरून एका गाईमागे वर्षाला निदान २० क्विंटल कोरडा चारा गाठीशी असावा. आपल्याकडे ज्वारीचा कडबा, तूर, हरभरा व सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि मौदा-रामटेकच्या धानपट्ट्यात तणस (धानाचा पेंढा) मिळते. तणस पोट भरते, परंतु त्यात प्रथिने फारच थोडी असतात. त्यामुळे केवळ तणसावर दूध टिकत नाही. तुरीचे किंवा हरभऱ्याचे कुटार त्यापेक्षा सरस असते. ते मळणीच्या वेळीच गोळा करून कोरड्या जागी झाकून ठेवावे.

हिरव्या चाऱ्यासाठी जनावरामागे पाच-सहा गुंठे ओलिताची जमीन संकरित नेपियर गवताला द्यावी, आणि मक्याचे दाणे चिकात असताना तो कापून मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) करावा. हवाबंद दाबलेला मुरघास साधारण ४५ दिवसांत तयार होतो. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी मात्र जनावरांना घालू नये, कारण तिच्यातील विषारी द्रव्यामुळे चांगले धडधाकट जनावरही थोड्या वेळात दगावू शकते.

दुसरी पायरी: गोठा

गोठ्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन आत कमी शिरते. एका गाईला साडेतीन, तर म्हशीला चार चौरस मीटर छताखालची जागा पुरते. जमीन खडबडीत असावी आणि तिला नालीकडे उतार असावा. गोठ्यात उकिडवे बसून पाहावे. मूत्राच्या उग्र वासाने डोळे चुरचुरले, तर उतार किंवा हवा खेळण्याची सोय यांपैकी एक चुकले आहे असे समजावे.

छत टिनाचे असेल तर त्यावर तणसाचा किंवा पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) थर द्यावा आणि बाहेरून चुना मारावा. एप्रिल-मे महिन्यांत येथील हवा अतिशय कोरडी असते, त्यामुळे वाऱ्याच्या बाजूला ओली बारदाने टांगल्यास गोठा चांगलाच थंड राहतो. हाच उपाय जुलैमध्ये मात्र उलटतो: हवा दमट झाल्यावर ओलाव्याने उकाडा वाढतो, म्हणून तेव्हा बारदाने काढून फक्त वारा खेळता ठेवावा.

तिसरी पायरी: जनावराची निवड

दुसऱ्या वेताचे, नुकतेच व्यालेले जनावर पाहावे आणि सलग तीन धारा स्वतःसमोर काढून दूध मोजल्याशिवाय इसार देऊ नये. नागपुरी म्हैस मुऱ्हापेक्षा दूध कमी देते, परंतु येथील ऊन आणि हलका चारा तिला मानवतो. गवळाऊ गाईचेही तसेच. तिचे बैल कामाला उत्तम, दूध बेताचे. चारा-पाण्याची खात्री नसताना भारी संकरित गाय आणणे हा माझ्या मते सर्वांत महागडा व्यवहार आहे.

चौथी पायरी: रोजचा आहार

शरीरपोषणासाठी दीड किलो आणि त्यावर गाईला दर अडीच लिटर, म्हशीला दर दोन लिटर दुधामागे एक किलो खुराक द्यावा. म्हणजे आठ लिटर दूध देणाऱ्या गाईला पावणेपाच किलोच्या आसपास खुराक लागतो. नुसत्या सरकी ढेपेवर भिस्त न ठेवता त्यात मका किंवा गव्हाचा भरडा, तुरीची चुनी, ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ मिसळावे. पाणी दिवसातून दोनदा दाखवण्याऐवजी सावलीतल्या टाक्यात सतत उपलब्ध ठेवावे. उन्हाळ्यात एक दुभते जनावर दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी पिऊ शकते. म्हशीची कातडी काळी आणि घर्मग्रंथी कमी असल्याने तिला दुपारी डुंबायला किंवा अंगावर पाणी घ्यायला मिळालेच पाहिजे.

पाचवी पायरी: धार, माज आणि वासरू

धार काढण्यापूर्वी कास धुऊन पुसावी आणि प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या वाटीत घ्याव्यात; दुधात गाठी दिसल्यास कासदाह सुरू झाला आहे. धार संपल्यावर सडाचे छिद्र काही वेळ उघडे राहते, म्हणून लगेच गव्हाणीत चारा टाकावा, म्हणजे जनावर अर्धा तास तरी शेणामुतात बसत नाही.

माज साधारण २१ दिवसांनी येतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. म्हशीचा माज मुका असतो, म्हणजे त्याची लक्षणे ठळक दिसत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे व रात्री लक्ष ठेवावे लागते. विण्यापूर्वी दोन महिने जनावर आटवावे, म्हणजे धार काढणे बंद करावे. वासराला जन्मल्यापासून दोन तासांच्या आत चीक पाजावा. त्यासाठी वार (जार) पडण्याची वाट पाहू नये.

सहावी पायरी: लसी आणि नोंदी

घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी, लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा आणि लम्पीची वर्षातून एकदा टोचून घ्यावी. लसीच्या आधी जंतनाशक द्यावे. कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी व कासेभोवती बोटांनी चाचपून गोचीड शोधावेत आणि औषध जनावरासोबत गोठ्याच्या भेगांतही फवारावे, कारण अंडी तिथेच असतात. साध्या वहीत प्रत्येक जनावराच्या कानातील १२ अंकी बिल्ल्याचा क्रमांक, माज, रेतन, विण्याची तारीख आणि लसी लिहाव्यात. आजारी जनावरासाठी १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करताना हीच वही हाताशी ठेवावी.