उन्हाळा लागायच्या आत जुन्या गाडीचं रेडिएटर घरीच कसं साफ करायचं

होळीच्या आत हे काम उरकून घ्या. एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) एसी लावून, पाच माणसं अन सामान भरून निघालं की जुन्या गाडीचा टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागतो, आणि चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचा असेल तर मग विचारूच नका.

बऱ्याचदा यामागं मोठा फॉल्ट नसतोच, वर्षानुवर्षे कोणीतरी बोरचं पाणी ओतत आलेलं असतं. क्षारानं ठिबकच्या नळ्या कशा चोक होतात ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, रेडिएटरच्या आतल्या बारीक नळ्यांचं अगदी तेच होतं. पण म्हणून ठिबकला सोडतात ते ॲसिड रेडिएटरमध्ये टाकायचं मनात पण आणू नका भो, इंजिनचं हेड बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं अन ॲसिड ते खातं, जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरचे जोड पण सुटतात.

गाडी पूर्ण थंड पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी असलेली, सकाळी सकाळी काम करा. गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडली तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, यात घाई करूच नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, काही गाड्यांत चावी बंद असली तरी फॅन अचानक फिरतो.

आता कॅप काढा, गाडीत हीटर असेल तर त्याचा नॉब फुल गरमवर ठेवा म्हणजे त्यातलं पाणी पण निघेल. खाली घमेलं ठेवा, रेडिएटरच्या बुडाशी ड्रेन कॉक असतो तो हळूच सोडा, प्लास्टिकचा असेल अन जाम असेल तर जोर करू नका, तुटतो, त्यापेक्षा खालच्या होज पाइपची क्लिप ढिली करून पाइप काढा. बाहेर काय येतं ते नीट बघा. गढूळ तांबूस पाणी अन तळाशी बोटात चोळल्यावर खरखरीत लागणारा गाळ म्हणजे आत गंज आहे, पांढरट पापुद्रे म्हणजे क्षार, आणि तेलाचा तवंग दिसला किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला तर तिथंच थांबा, ते हेड गॅस्केटचं (इंजिनचं हेड अन खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलचं) काम असू शकतं, आधी मेकॅनिकला दाखवा.

हे पाणी गटारीत किंवा अंगणात सोडू नका. कूलंटमधलं (इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात त्या द्रवातलं) ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री, शेळ्या पितात अन किडनी जाऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून लेकरं-जनावरांपासून लांब ठेवा.

कॉक बंद करून, पाइप जोडून साधं स्वच्छ पाणी भरा, बॅटरी जोडून इंजिन चालू करा आणि वरचा होज पाइप गरम होईपर्यंत थांबा, कारण थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच उघडणारी झडप) उघडल्याशिवाय ब्लॉकमधलं पाणी रेडिएटरमध्ये येतच नाही. मग बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, परत काढा. पाणी स्वच्छ येईस्तोवर हेच करायचं, शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा. गाळ जास्त असेल तर दोन्ही पाइप काढून खालच्या तोंडातून नळी लावून पाणी उलटं वर काढा, प्रेशर मात्र बेताचं. बाहेरून जाळीत कापसाचे तंतू, धूळ, किडे बसलेले असतात, ते पण इंजिनच्या बाजूनं पाणी मारून काढा, हे खूप जण विसरतात.

साफ केल्यावर कुठं पाझरायला लागलं तर फ्लशिंगला दोष देऊ नका, भोक आधीच होतं, क्षारानं बुजलेलं होतं.

भरताना एक लक्षात घ्या, ब्लॉकमध्ये थोडं साधं पाणी राहतंच, त्यामुळं वरून रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं कूलंट) ओतलं तर ते आणखी पातळ होतं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घ्या, सिस्टीम ४ लिटरची असेल तर आधी २ लिटर कॉन्सन्ट्रेट, मग वरून डिस्टिल्ड वॉटर. निम्मं-निम्मं मिश्रण साधारण १०७ डिग्रीला उकळतं, अन कॅपच्या प्रेशरमुळं त्याहून बरंच वर, म्हणून कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅप नवीनच टाका. कूलंटच्या रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल बघून प्रकार कळत नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच घ्या अन दोन प्रकार मिसळू नका.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाका असं सांगणारे खूप भेटतील, माझं ठाम मत आहे की काढू नये. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. खराब असेल तर नवीन बसवा.

हवा काढण्यासाठी गाडीचं तोंड चढावर करा, हँडब्रेक ओढा, चाकांमागं दगड लावा, कॅप उघडी ठेवूनच थंड इंजिन चालू करा, वरचा पाइप तापायच्या आत हातानं दाबत राहा, चेहरा लांब ठेवा. बुडबुडे थांबले की लेव्हल पूर्ण करून कॅप लावा, फॅन चालू होतो का बघा. बुडबुडे थांबतच नसतील तर परत गॅस्केटचा संशय. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत रेडिएटर अन बाजूची कूलंटची बाटली दोन्ही बघा, लेव्हल थोडी उतरलेली असेल, तेवढं तेच मिश्रण टाका, आणि उरलेलं वेगळ्या बाटलीत भरून डिक्कीत ठेवा म्हणजे रस्त्यात बोरचं पाणी मागायची वेळ येणार नाही.