शुगर असेल तर डोळ्यांचा पडदा कसा तपासून घ्यावा

आत्याला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत होती. दोन वर्षांत चष्म्याचा नंबरही बदलला नव्हता. मधुमेह मात्र अकरा वर्षांचा. एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे काजळीचे धागे तरंगायला लागले आणि दुपारपर्यंत सगळं धुरकट झालं. डोळ्यात रक्तस्राव झाला होता. तोवर तिचा पडदा कुणी पाहिलाच नव्हता, आणि दरवर्षी नंबर काढतोय म्हणून आम्ही निश्चिंत होतो.

नंबर काढणं वेगळं, पडदा पाहणं वेगळं. डोळ्याच्या मागच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्या झिरपतात, काही बंद पडतात. मग रक्त कमी पडलेल्या पडद्यावर नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात आणि त्या फुटतात. यातलं काहीही दुखत नाही. सुरुवातीला नजरही चांगलीच असते, म्हणून तर त्रास सुरू व्हायची वाट पाहायची नाही.

कधी जायचं

टाइप 2 मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर, कारण तो कळायच्या आधी कित्येकदा काही वर्षं अंगात असतो. टाइप 1 असेल तर निदानापासून 5 वर्षांच्या आत. त्यानंतर दरवर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा पाहून घ्यावा. गरोदरपणात पडद्याचा हा आजार वेगाने वाढू शकतो. तारीख लक्षात राहत नसेल तर 14 नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन, धरून चाला. आम्ही तेच करतो.

कुठे जायचं, काय न्यायचं

चष्म्याच्या दुकानात नव्हे, नेत्रतज्ज्ञांकडे. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागातही विचारा. नाव नोंदवतानाच सांगा: "मधुमेह आहे, बाहुली मोठी करून पडदा बघायचा आहे." हे वाक्य नीट म्हणा, नाहीतर तपासणी नंबरावरच संपू शकते.

सोबत एचबीए1सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट, बीपीची नोंद, किडनीचे रिपोर्ट, आणि सगळ्या गोळ्यांची यादी. सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या. क्षयाच्या उपचारातलं इथॅमब्यूटॉल डोळ्याच्या नसेला इजा करू शकतं. लाल-हिरवा फरक कळेनासा होणं ही त्याची एक खूण. संधिवातासाठी वर्षानुवर्षं घेतलेलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पडद्यावर परिणाम करू शकतं. स्टिरॉइडने मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात. गोळी गुडघ्यासाठी असली तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायची. मात्र स्वतःच्या मनाने कुठलीच बंद करायची नाही.

शुगर खूप वरखाली होत असेल तर त्याच सुमारास नवा चष्मा करू नका. साखरेमुळे डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर तात्पुरता बदलतो. शुगर काही आठवडे स्थिर राहिली की मग नंबर काढा. पडद्याची तपासणी मात्र त्यासाठी लांबवायची नाही.

तपासणीच्या दिवशी

उपाशी जायची गरज नाही. रोजची औषधं आणि जेवण वेळेवर घ्या. डोळ्यात थेंब टाकल्यावर बाहुली मोठी व्हायला साधारण अर्धा तास लागतो आणि पुढे काही तास जवळचं धूसर, उजेड बोचरा. म्हणून गाडी स्वतः चालवायची नाही, सोबत माणूस आणि गॉगल हवाच. पूर्वी काचबिंदूचं निदान झालं असेल तर थेंबांआधी सांगा.

तपासून झाल्यावर "ठीक आहे" एवढ्यावर उठू नका. रेटिनोपथी (मधुमेहाने पडद्याला झालेली इजा) आहे का, कोणत्या टप्प्याची, मधल्या भागाला (मॅक्युलाला) सूज आहे का, पुढची तारीख कोणती, हे विचारा आणि कागदावर लिहून मागा. तो कागद शुगरच्या डॉक्टरांनाही दाखवा. पडद्यावर बीपीच्याही खुणा दिसतात. न कापता रक्तवाहिन्या थेट पाहता येतात, अशी ही शरीरातली विरळा जागा आहे.

लेसर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन सांगितलं तर घाबरून घरी बसू नका. लेसर मुख्यतः उरलेली नजर राखण्यासाठी असतो; इंजेक्शनने सूज उतरून नजर सुधारूही शकते. पण इंजेक्शनं बहुधा एकापेक्षा जास्त लागतात, तेव्हा किती आणि खर्च किती हे आधीच विचारा.

घरी आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून दुसऱ्याने कॅलेंडर वाचा, मग उलट. दोन्ही उघडे असताना चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो. आत्याचंही बहुधा तसंच झालं असावं. अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं, डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं वाटलं किंवा एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.