चाकणच्या कंपनीत लाच? लंडनलाही कळवता येतं

तुमच्या कंपनीची पॅरेंट, म्हणजे मूळ कंपनी, ब्रिटिश असेल आणि इथे परमिटसाठी साहेबाला पाकीट गेलं तर मामला फक्त पुण्याचा राहत नाही, ब्रिटनच्या २०१० च्या ब्रायबरी अ‍ॅक्टखाली परदेशातली लाच रोखली नाही म्हणून मूळ कंपनीही अडकू शकते. आधी पुरावा सांभाळा, ‘लायझनिंग चार्जेस’ असं मोघम लिहिलेलं कन्सल्टंटचं बिल, तारीख, अप्रूव्ह कुणी केलं ते सगळं. मग लंडनच्या सीरियस फ्रॉड ऑफिसला (मोठे घोटाळे आणि लाचखोरी तपासणारी ब्रिटिश सरकारी यंत्रणा) ऑनलाइन कळवा, ऑफिसच्या लॅपटॉपवरून मात्र अजिबात नको. इथे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा, म्हणजे एसीबीचा, १०६४ हा हेल्पलाइन नंबर आहेच. जबरदस्तीने लाच द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत कळवाच, नाहीतर देणाराही गुन्हेगार ठरतो. यूएनच्या भ्रष्टाचारविरोधी करारात भारत २०११ पासून आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या तपास यंत्रणा एकमेकांकडून बँकेचे कागद मागवू शकतात, वेळ लागतो, पण तक्रारच नसेल तर मागणार काय?