आग रामेश्वरी, कॅप्चर सोमेश्वरी

शाखेतून ‘सिस्टीम फार स्लो चाललीय’ असा फोन आला की ठरलेला सल्ला मिळतो: सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं टिपून ठेवणारा प्रोग्रॅम) लावा. का? तर तिथला पासवर्ड आपल्या हाताशी असतो म्हणून!

पहिलं कॅप्चर, म्हणजे अशी टिपून घेतलेली फाइल, जो ओरडतोय त्याच्या मशीनवर घ्या. त्याला जाणवणारी दिरंगाई पुरती तिथेच दिसते. कनेक्शन जोडताना मशीन आधी ‘सिन’ पॅकेट पाठवतं, सर्व्हर ‘सिन-ॲक’ने उत्तर देतो, मशीन त्याला ‘ॲक’ म्हणजे पोच देतं. सिन गेल्यापासून सिन-ॲक येईपर्यंतचा वेळ म्हणजे रस्त्याचा जाऊन-येऊन खर्च. तो 40 मिलिसेकंद असेल आणि उत्तराचा पहिला बाइट यायला 3 सेकंद लागत असतील, तर आधी सर्व्हरकडे बोट दाखवा. हेच सर्व्हरवर बसून मोजलंत तर सिन-ॲक लगेच निघालेला दिसतो, कारण रस्ता त्यात आलाच नाही. तिथे सिन-ॲक ते ॲक हे अंतर बघायचं.

वाटेत प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर (आपलं कनेक्शन स्वतःकडे घेऊन पुढे दुसरं जोडणारे मध्यस्थ) असेल तर ते 40 मिलिसेकंद फक्त तिथवरचे. पलीकडचं कनेक्शन वेगळं, कॅप्चरही वेगळं.

आता गळती, म्हणजे पॅकेटं वाटेत कुठे हरवतात ते, शोधणं. इथे मी सपशेल तोंडावर पडलोय.

नियम साधा आहे. वाटेत मधे बसलात आणि एकाच सिक्वेन्स नंबरचा (डेटातल्या बाइटांच्या अनुक्रमांकाचा) डेटा दोनदा जाताना दिसला, तर पहिली प्रत तुमच्यापर्यंत आली होती. गळती बहुधा पुढे. आधी नंबरांत खड्डा आणि मागाहून एकच प्रत दिसली, तर गळती मागे. पुढे-मागे हे डेटाच्या दिशेने मोजायचं.

एवढं शहाणपण घेऊन मी एकदा स्विचच्या मिरर पोर्टवर (दुसऱ्या पोर्टच्या वाहतुकीची नक्कल देणाऱ्या पोर्टवर) बसलो. फाइलीत खड्डेच खड्डे! लाइन देणाऱ्यांना फोनवर झापलं, दोन दिवस भांडलो. मग लक्षात आलं, माझ्याकडे नसलेल्या पॅकेटांची पोच समोरचं मशीन बिनबोभाट देत होतं. म्हणजे पॅकेटं पोचली होती. हरवली ती माझ्या मिररमध्ये. 1 गिगाबिटच्या पोर्टवर येणारी-जाणारी मिळून 2 गिगाबिटपर्यंत वाहतूक होऊ शकते. ती 1 गिगाबिटच्या मिररमध्ये कोंबली की जास्तीची स्विच गुपचूप टाकून देतो. फोन करून माफी मागावी लागली.

तेव्हा कुणावर आरोप करण्याआधी वायरशार्कने (कॅप्चर उघडून वाचायच्या प्रोग्रॅमने) ‘न दिसलेल्या पॅकेटची पोच’ अशी खूण केलीय का ते बघा. अशा खुणा जागोजाग असतील तर गळतीचा पुरावा म्हणून ती फाइल रद्दी. वाहतूक जड असेल तिथे सरळ टॅप (तारेच्या मधेच बसून नक्कल काढणारं यंत्र) लावा. मिररवर भागतं म्हणणाऱ्यांनी तो भरलेला बघितलेला नसतो.

पाठवणाऱ्या मशीनवर 1500 बाइटहून (पॅकेटच्या नेहमीच्या मर्यादेहून) मोठी पॅकेटं दिसली तर घाबरू नका. तुकडे नंतर नेटवर्क कार्ड करतं.

दोन ठिकाणी एकदम कॅप्चर घेतलंत तर घड्याळांवर विसंबू नका, पॅकेटं सिक्वेन्स नंबरने जुळवा. वायरशार्क हे नंबर शून्यापासून दाखवतो, ती सोय आधी बंद करा. मधला फायरवॉल नंबरच बदलत असेल, तर मात्र आतल्या एखाद्या ओळखीच्या मजकुरावरून जोड्या लावत बसावं लागतं.