फाइल पाठवण्याआधी: नाव झाकायची तयारी

आधी एक ठरवून घ्या: पाठवणारा म्हणून तुमचं नाव नेमकं कोणापासून लपवायचंय? अनोळखी वाचकांपासून, ऑफिसातल्या साहेबांपासून, की उद्या कोर्टाचा आदेश घेऊन येऊ शकणाऱ्या यंत्रणेपासून? पहिल्यासाठी वेगळं खातं आणि साफ केलेली फाइल सहसा पुरते. तिसऱ्यासाठी खालचं सगळं करूनही हमी कोणी देणार नाही. हा विचार न करताच लोक व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा) विकत घेतात आणि निर्धास्त होतात. माझ्या मते नाव वाटेत फुटतं त्यापेक्षा फाइलच्या पोटातून जास्त फुटतं. म्हणून तयारी तिथूनच सुरू करा.

मोबाइलने काढलेल्या फोटोत एक्झिफ नावाची माहिती दडलेली असते: फोनचं मॉडेल, फोटो काढल्याची वेळ, आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी डिसेंबर २०१२मध्ये बेलीझच्या पोलिसांना चुकवत फिरत होते. सोबत असलेल्या पत्रकारांनी त्यांचा फोटो ऑनलाइन टाकला, त्यातले जीपीएसचे आकडे काढायचे राहिले, आणि स्वारी ग्वाटेमालात आहे हे जगजाहीर झालं. फोटो साफ करायला एक्झिफटूल नावाचा प्रोग्राम उत्तम. पीडीएफसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका. तिथे ते जुनी माहिती पुसत नाही, नवी नोंद मागे जोडतं, आणि जुनी परत काढता येते. व्हॉट्सअॅपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला तर एक्झिफ गळून पडतं, पण तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की सगळं शाबूत पोहोचतं. (तुमचा फोन नंबर दोन्ही पद्धतींत दिसतोच, तेव्हा निनावीपणाच्या नावाने आनंदच.)

वर्डची फाइल असेल तर ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा. लेखकाचं नाव, कॉमेंट, ट्रॅक चेंजेस (केलेल्या बदलांच्या खुणा), सगळं काढून टाका. अमेरिकेत बीटीके नावाने कुख्यात असलेला खुनी वर्षानुवर्षं पोलिसांना पत्रं पाठवत होता आणि सापडत नव्हता. २००५मध्ये त्याने फ्लॉपी पाठवली. तिच्यातल्या एका खोडलेल्या वर्ड फाइलीत एका चर्चचं नाव होतं आणि शेवटचा बदल करणारा म्हणून ‘डेनिस’. डेनिस रेडर त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष निघाला. त्याला पकडलं हे बरंच झालं, पण फाइल माणूस बघून बोलत नाही.

मजकूर झाकायचा असेल तर नुसती काळी पट्टी ओढून भागत नाही. जानेवारी २०१९मध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराचा माजी प्रमुख पॉल मॅनाफोर्ट याच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या पीडीएफमध्ये पट्ट्यांखालचा मजकूर कोणालाही कॉपी-पेस्ट करून वाचता येत होता. पट्टी मारलेल्या पानाचं चित्र बनवा आणि त्या चित्रांची नवी पीडीएफ करा. कापलेल्या स्क्रीनशॉटवरही डोळे मिटून विश्वास नको: गूगल पिक्सेल फोनमधल्या एडिटरने कापलेल्या चित्रात मूळ चित्राचा काही भाग शिल्लक राहत होता, हे २०२३मध्ये उघड झालं. फाइलचं नावही बघा. पासवर्ड लावलेल्या साध्या झिपमध्ये आतल्या फाइलींची नावं पासवर्डशिवाय दिसतात.

छापील कागद स्कॅन करणार असाल तर थांबा. बऱ्याच कलर लेसर प्रिंटरांमधून पानावर फिकट पिवळे ठिपके उमटतात आणि त्यांत प्रिंटरचा सिरियल नंबर, तारीख, वेळ असू शकते. साध्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. शिवाय प्रत्येकाला शब्दाशब्दाच्या फरकाने वेगळी प्रत देऊन फितूर शोधायची युक्ती जुनीच आहे. जमेल तिथे मूळ कागदाऐवजी त्यातली माहिती आपल्या शब्दांत द्या.

मग रस्ता. व्हीपीएनमुळे तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) समोरच्यापासून लपतो, व्हीपीएन कंपनीपासून नाही. टॉर ब्राउझर तुमची माहिती वेगवेगळ्या तीन संगणकांच्या टप्प्यांतून फिरवून नेतो, त्यामुळे कुठल्याही एका टप्प्याला दोन्ही टोकं दिसत नाहीत. पण ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या वायफायवरून टॉर लावू नका. डिसेंबर २०१३मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी ईमेल केली. टॉर फुटलं नव्हतं. धमकीच्या आधीच्या तासांत विद्यापीठाच्या नेटवर्कवर टॉर कोणी वापरलं एवढं शोधूनच तपास त्याच्यापर्यंत आला. टोरंट (लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरून थेट फाइल घ्यायची पद्धत) तर विसराच, तिथे तुमचा आयपी पत्ता सोबतच्या सगळ्यांना दिसतो.

गूगल ड्राइव्हच्या लिंकवर मालकाचं नाव दिसू शकतं, म्हणून रोजच्या खात्यातून लिंक देऊ नका. नवं खातं काढलं तर त्याला आपला नंबर किंवा जुना ईमेल जोडू नका. ऑनियनशेअर हा फाइल पाठवायचा प्रोग्राम वापरला तर फाइल तुमच्याच संगणकावरून टॉरमार्गे जाते, मध्ये कोणाचा सर्व्हर नाही आणि खातंही लागत नाही. समोरच्याची डाउनलोड होईपर्यंत मशीन चालू ठेवावं लागतं, एवढंच.

पाठवण्याआधी स्वतःला विचारा, ही फाइल मुळात किती जणांकडे होती? तीनच जणांकडे असेल तर तंत्रज्ञान काही करू शकत नाही. पाठवायची की नाही हाच प्रश्न उरतो. सोबतची चिठ्ठी दोन ओळींची आणि कोरडी ठेवा, लाडके शब्द आणि नेहमीच्या इमोजी टाळा. फाइल टाकल्यावर ती कोणी उघडली का, हे बघायला आपल्या रोजच्या ब्राउझरमधून त्या लिंकवर जाऊ नका.